सुंदर घरं आणि बागा पाहून आपल्या घरासाठी नेमकं काय उचलायचं?

नवी_मांडणी

नमस्कार मंडळी. घराची आतली मांडणी आणि मागची बाग, दोन्ही नव्याने करायचं चाललं आहे. चांगल्या घरांचे आणि बागांचे फोटो भरपूर जमवले आहेत, पण शेजारी शेजारी ठेवले की एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. एकात सगळं पांढरं, दुसऱ्यात भिंती गडद निळ्या. एका बागेत कातरलेली कुंपणं, दुसरीत गुडघाभर रानटी गवत. आवडतं सगळंच, पण आपल्याकडे त्यातलं काय उतरेल ते ठरत नाही.

मापं देते. बैठकीची खोली १२ × १६ फूट, छत साडेनऊ फूट, खिडक्या फक्त १२ फुटी भिंतीत, त्यांचा वरचा काठ ७ फुटांवर. मुख्य दारापासून त्या खोलीपर्यंत १८ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद बोळ, दिवसाही अंधारा. बाग ३० फूट लांब, २० फूट रुंद. तिच्या टोकाला शेजाऱ्यांची ८ फुटी भिंत. निम्म्या बागेत दुपारनंतर सावली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फोटोतून कामाचं तेवढं कसं वेगळं काढायचं? आणि एखादं नावाजलेलं घर किंवा बाग प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली तर तिथून काय टिपून आणायचं?

---

ओळंबा

फोटो जमवताना आपण वस्तू जमवतो: दिवा, फरशी, रंग, खुर्ची. घर मनात भरतं ते मात्र बहुतेक वेळा माप, उजेड आणि क्रम यांच्यामुळे, आणि ह्या तिन्ही गोष्टी फोटोत पटकन दिसत नाहीत. म्हणून पहिलं काम असं करा. प्रत्येक फोटोखाली एक वाक्य लिहा, आणि त्यात "काय आहे" हे न लिहिता "ते काय करतं आहे" ते लिहा. "सुंदर जिना" याचा काही उपयोग नाही. "जिन्याच्या वळणावर वरून उजेड पडतो, म्हणून नजर आणि पाय तिकडे वळतात" याचा आहे. जिथे वाक्य सुचत नाही तो फोटो बाजूला काढा. निम्मा ढीग इथेच कमी होतो, आणि उरलेल्या वाक्यांमध्ये तीच तीच दोन-तीन कामं पुन्हा येताना दिसतात. पांढरं घर आणि निळं घर दोन्ही आवडायचं कारण तिथे सापडेल.

उदाहरण म्हणून तुमचा बोळच घेऊ. मेक्सिको सिटीतलं वास्तुशिल्पी लुईस बरागान यांचं स्वतःचं घर १९४८ सालचं. २००४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. लोक तिथल्या गुलाबी भिंतीचा फोटो काढतात आणि गुलाबी रंगाचा डबा घेऊन येतात. तिथे खरं घडतं ते असं: बाहेरून आल्यावर आधी अरुंद, मंद उजेडाची जागा लागते. ती ओलांडली की उजळलेलं दालन, आणि जिन्याच्या चौकावर सोन्याचा वर्ख दिलेला एक मोठा फलक. शिल्पकार माथियास गोएरित्स यांचं काम आहे ते. त्याच्यावर पडलेला उजेड पिवळसर होऊन दालनात उतरतो. म्हणजे फलकाचं काम दिव्याचं. पायाखालचा काळा ज्वालामुखी दगड प्रवेशापासून जिन्यापर्यंत सलग आहे, त्यामुळे दोन्ही जागा एकाच ओघातल्या वाटतात.

यातून तुमच्या बोळासाठी तीन गोष्टी मिळतात. टोकाची भिंत उजळ आणि मंद पोताची ठेवा, तीही उबदार छटेची. बोळाची फरशी खोलीत तशीच पुढे न्या, मध्ये पट्टी टाकून तोडू नका. आणि उजेड कुठून तरी आणा. दार ७ फुटी आहे, छत साडेनऊ, म्हणजे दारावर अडीच फूट उरतात. चौकटीवरचं ६ इंची लिंटेल (वरचं वजन पेलणारी आडवी तुळई) सोडलं तर १५ ते १८ इंच उंचीचा काचेचा झरोका सहज बसतो. लगतच्या उजेडाच्या खोल्यांच्या दारांवर असे झरोके काढले की बोळाचं छत उजळतं, आणि उजळलेलं छत उरलेलं काम करतं. भिंत वजन पेलणारी असेल तर झरोक्याच्या वर वेगळं लिंटेल लागतं. अभियंत्याला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका.

आता कल्पना एकमेकींच्या आड कशा येतात ते बघा. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांच्या घरांमध्ये प्रवेशाची जागा मुद्दाम ठेंगणी असते. १९३५ साली आराखडा केलेल्या 'फॉलिंगवॉटर'मध्येही तसंच आहे. आधी छत डोक्याशी येतं, म्हणून पुढची खोली मोठी वाटते. तुमच्या बोळात छत साडेसात फुटांवर उतरवलं तर हाच परिणाम मिळेल, पण झरोके झाकले जातील. दोन्ही एकत्र होत नाही. बोळ आधीच अंधारा असल्यामुळे माझं मत झरोक्यांना.

फोटोतून मापं काढायची असतील तर त्यात ओळखीची एखादी वस्तू शोधा. दाराची उंची साधारण ७ फूट, जेवणाचं टेबल ३० इंच, खुर्चीची बैठक १८ इंच, स्वयंपाकाचा ओटा ३४ ते ३६ इंच. फोटो छापून पट्टीने दार मोजा आणि त्याच प्रमाणात बाकीचं काढा. मात्र दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात. पुढच्या खुर्चीवरून मागची खिडकी मोजलीत तर गणित पार चुकतं. घराच्या आतले फोटो बऱ्याचदा रुंद कोनाच्या भिंगाने काढलेले असतात. कडेला असलेला गोल दिवा किंवा ताट लंबगोल दिसलं तर समजा की खोली आहे त्याहून मोठी भासते आहे. अशा फोटोतली रिकामी जमीन खरी धरू नका.

शेवटचं, आवडलेले फोटो एकदा काळे-पांढरे करून बघा. रंग गेले की गडद, मध्यम आणि फिकट यांचं प्रमाण उरतं. मेळ नसलेले वाटणारे फोटो इथे अचानक एकसारखे दिसायला लागतात, आणि जुळवायचं असतं ते हेच प्रमाण.

---

उजेड_सावली

ओळंबा यांनी मांडणीचं लिहिलंच आहे, मी रंग आणि दिव्यांपुरतं लिहितो.

खोली १६ फूट खोल आणि खिडकीचा काठ ७ फुटांवर. दिवसाचा उजेड खिडकीच्या वरच्या काठाच्या साधारण दोन ते अडीचपट आत पोचतो, म्हणजे तुमच्याकडे १४ ते १७ फूट. मागच्या भिंतीपर्यंत जेमतेम. खिडक्या नव्याने करणार असाल तर रुंदी वाढवण्यापेक्षा काठ वर नेणं जास्त फायद्याचं, कारण वरचा प्रत्येक इंच उजेड आणखी आत ढकलतो. तसं करणार नसाल तर निदान पडद्याची दांडी खिडकीच्या काठाला चिकटवू नका. ६ ते ८ इंच वर घ्या आणि दोन्ही बाजूंना ८ ते १० इंच पुढे न्या, म्हणजे सरकवलेलं कापड काचेवर न राहता भिंतीवर जातं. कापड दांडीच्या लांबीच्या दुप्पट. त्याहून कमी घेतलं तर बंद केल्यावर ते चादरीसारखं सपाट ताणलेलं दिसतं.

गडद निळ्या भिंतीचा फोटो आवडलाय म्हणता, तर ती भिंत कोणती यावर सगळं आहे. खिडकी ज्या भिंतीत आहे ती गडद करू नका. उजळ काच आणि तिच्याभोवती काळोखी भिंत, या फरकाने डोळे दिपतात आणि खोली होती त्याहून अंधारी वाटते. मागची भिंत गडद केली तर जिथे उजेड कमी आहे तिथेच तो आणखी गिळला जाईल. उरते खिडकीला काटकोनातली बाजूची भिंत. तिच्यावर उजेड तिरका सरकत जातो, निळा रंग खिडकीजवळ खुलतो आणि आत जाताना गडद होतो. फोटोतली श्रीमंती येते ती या बदलातूनच.

रंगाचा नमुना भिंतीवर हातभर पट्टा मारून ठरवू नका, आधीचा रंग शेजारी असल्याने डोळा फसतो. २ × २ फुटांच्या जाड पुठ्ठ्यावर दोन हात द्या, कडेने २ इंच पांढरी पट्टी सोडा, आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली खोलीत वेगवेगळ्या ठिकाणी उभा करून बघा. चारही भिंतींना एकच रंग दिला की भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि तो पुठ्ठ्यावरच्यापेक्षा तीव्र होतो, म्हणून तीव्र छटांमध्ये एक पायरी फिकी घ्या. थेट ऊन न येणाऱ्या खोलीत राखाडी रंग निळसर पडतो. बाहेर हिरवळ असेल तर खिडकीलगतच्या छतावर हिरवी झाक येते. यात रंगाचा दोष नाही, पण आधी माहीत हवं.

दोन खोल्यांचे रंग ठरवताना दारातून एकातून दुसरी दिसते तिथे उभं राहून ठरवा. फ्रान्समधल्या जिव्हर्नीला चित्रकार क्लोद मोने १८८३ ते १९२६ राहिले. तिथलं जेवणघर पिवळं आणि लगतचं स्वयंपाकघर निळ्या फरश्यांचं. दोन्ही सुटी बघितली तर भडक वाटतील. पिवळ्या खोलीच्या दारातून निळं दिसतं तेव्हा जोडी कळते.

आरसा. लंडनमधल्या वास्तुशिल्पी सर जॉन सोन यांच्या घरात न्याहारीच्या छोट्या खोलीत घुमटाला लहान लहान फुगीर आरसे बसवले आहेत. फुगीर आरशात अख्खी खोली आक्रसून मावते, म्हणून इवल्या जागेत डोळ्याला सतत काहीतरी नवं सापडतं. सपाट आरशाचं तसं नाही. तो समोर जे असेल तेच दाखवतो. खिडकीच्या बरोबर समोर लावला तर झळाळी तोंडावर येते. खिडकीला काटकोनातल्या भिंतीवर, खिडकीपासून २-३ फुटांच्या आत लावा, म्हणजे उजेड खोलीत तिरका फेकला जातो. खिळा ठोकण्याआधी बसून आणि उभं राहून, दोन्ही उंचींवरून आरशात काय दिसतंय ते बघा. पंखा आणि वायरी दिसत असतील तर जागा बदला.

दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, आणि रंग दाखवण्याचा निर्देशांक (CRI) ९० च्या वर असलेले घ्या. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. कमी निर्देशांकाच्या दिव्याखाली लाकूड आणि माणसांची तोंडं निस्तेज दिसतात, मग दोष रंगाला दिला जातो. बोळाच्या टोकाच्या भिंतीवर उजेड टाकायचा दिवा भिंतीपासून २ ते अडीच फुटांवर छतात बसवा. भिंतीला ६ इंचांवर खेटून बसवलेला दिवा खडबडीत दगडावरच शोभतो. गिलाव्यावर टाकला तर गवंड्याच्या थापीची प्रत्येक लाट उठून दिसते.

---

रंधा

जोडकामाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. साधी, स्वच्छ दिसणारी घरंच बांधायला सगळ्यात अवघड असतात, आणि फोटोवरून नेमकी तीच नक्कल केली जाते.

भिंतीच्या तळाला पट्टी नसलेली घरं घ्या. गिलावा थेट फरशीवर टेकलेला फोटोत सुरेख दिसतो. ओल्या फडक्याने पुसायला लागलं की काही आठवड्यांत तळाचे २-३ इंच मळतात, पुढे रंगाचे पोपडे निघतात. ज्या घरांमध्ये हे नीट टिकलंय तिथे बहुधा पट्टी असतेच, फक्त ती गिलाव्याच्या पातळीत किंवा त्याहून आत बसवलेली असते. त्यासाठी गिलाव्याआधीच धातूची पट्टी ठोकून घ्यावी लागते आणि गवंड्याला तिच्या काठावर बरोबर थांबावं लागतं. गिलावा झाल्यावर हे सुचलं तर उशीर झालेला असतो. तेव्हा ३ इंची, भिंतीच्याच रंगाची साधी पट्टी लावा. दिसायला फार फरक पडत नाही.

दुसरं, चौकट नसलेली काच. बरागान यांच्या बैठकीतली बागेकडची खिडकी आणि फॉलिंगवॉटरमध्ये दगडाच्या खाचेत घुसवलेल्या काचा, दोन्हींचा मोह होतो. ती काच उघडत नाही. खाचेत खाली रबराचे ठोकळे आणि चारही बाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर उष्णतेने फुगून काठाला तडकते. फुटली तर बदलायला भिंत खणावी लागते, म्हणून एका बाजूला काढता येईल अशी पट्टी ठेवलेली बरी. काचेचं घर हवंच असेल तर वास्तुशिल्पी मीस व्हान डेर रोह यांचं अमेरिकेतलं १९५१ सालचं फार्न्सवर्थ हाऊस दोन्ही अंगांनी वाचा. देखणं आहे यात शंका नाही, पण उन्हाळ्यात तापणं, थंडीत काचेला पाणी सुटणं, आडोसा नसणं, सगळं तिथे घडलेलं आहे. घराची फरशी नदीकाठच्या सखल भागापेक्षा ५ फूट उचललेली असूनही १९५४ मध्ये पुराचं पाणी आत शिरलं.

नक्कल करायला सोपी आणि रोज सुख देणारी गोष्ट सांगतो. वास्तुशिल्पी आल्वार आल्तो यांच्या फिनलंडमधल्या व्हिला मायरियामध्ये (१९३९) लोखंडी खांबांना वेताने गुंडाळलं आहे. हाताला थंड लोखंड लागू नये, आणि आतले खांब बाहेरच्या झाडांशी नातं सांगावेत. तुम्हाला खांब नाहीत, पण हात लागतो अशा जागा आहेत: दाराची मूठ, जिन्याचा कठडा, कपाटाची कड, खिडकीचा काठ. पैसे आणि कष्ट तिथे घाला. कठड्याची जाडी दीड ते दोन इंच आणि कडा गोल, म्हणजे मूठ पूर्ण मिटते. तीन इंची चौकोनी कठडा फोटोत भारदस्त दिसतो, पण धरता येत नाही.

खोलीत काही विकत घेण्याआधी कागदी चिकटपट्टीने जमिनीवर सोफा, टेबल, दारांचं उघडणं सगळं आखा. सोफा आणि मधलं टेबल यांत १६ ते १८ इंच. जेवणाच्या टेबलापासून भिंतीपर्यंत ३ फूट, मागून कोणी जाणार असेल तर साडेतीन ते चार. आखलेल्या रेषांवर पाय पडत असेल तर तिथे वस्तू नको आहे.

---

माती_मुळं

बागेकडे वळूया. घरापेक्षा इथे फोटो जास्त फसवतो, कारण फोटो वर्षातल्या एका आठवड्याचा असतो. प्रदर्शनातल्या बागांमध्ये तर झाडं बहुधा कुंडीसकट पुरलेली असतात, एकाच वेळी फुलावीत अशी आणलेली आणि पूर्ण वाढ धरली तर दुप्पट-तिप्पट दाट लावलेली. तशी लागवड केली की दुसऱ्या वर्षी अर्धी झाडं एकमेकांच्या सावलीत मरतात.

म्हणून कोणतीही बाग बघताना आधी झाडं डोळ्याआड करा आणि नुसत्या रेषा बघा. इंग्लंडमधलं सिसिंगहर्स्ट १९३० साली व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे पती हॅरल्ड निकल्सन यांनी घेतलं. कामाची वाटणी अशी की रेषा, वाटा, कुंपणं हॅरल्ड यांची आणि झाडं व्हिटा यांची. आखणी काटेकोर, लागवड ओसंडणारी. तुमच्या ढिगातली कातरलेली कुंपणं आणि रानटी गवत एका बागेत अशीच नांदतात. भोवतीची चौकट कडक ठेवा आणि आतलं सैल सोडा. उलटं केलंत, म्हणजे वेड्यावाकड्या वाटा आणि त्यात एकेक झाड सुटं, तर पसारा दिसतो.

आखणी करायला पाण्याची रबरी नळी आणि चुन्याची फक्की पुरते. नळीने वाफ्याची कड आखा आणि घरातल्या ज्या खिडकीतून बाग रोज दिसते तिथून बघा. उभ्याने बघितलेली वळणं सुंदर वाटतात, बसून बघितली की चपटी होतात. वळण कमीत कमी करा आणि आहे ते ठसठशीत ठेवा.

टोकाच्या ८ फुटी भिंतीसाठी लोक तिला खेटून उंच झाडं लावतात. गणित करून बघा. खुर्चीत बसल्यावर डोळा जमिनीपासून ४ फुटांवर धरला आणि भिंत ३० फुटांवर, तर मध्ये १५ फुटांवर लावलेलं झुडूप ६ फूट झालं की भिंत झाकली जाते. तेच ६ फुटांवर लावलं तर ४ फूट १० इंचांत काम होतं. आडोसा डोळ्याजवळ आला की कमी उंची पुरते. शिवाय मध्ये काहीतरी आल्याने पलीकडे काय असेल याची ओढ राहते. जपानमधल्या क्योटोच्या र्‍योआन-जी मंदिराच्या बागेत १५ दगड आहेत आणि पडवीत कुठेही बसलं तरी एखादा तरी नजरेआड राहतो. तुमच्या बागेत अर्ध्या रुंदीचा एक आडवा वाफा तेच काम करेल. आधी बांबू रोवून, त्यावर चादर टाकून, दोन-तीन दिवस बघा.

भिंतीपलीकडे मोठं झाड, टेकडी, काही चांगलं असेल तर तेही आपल्या चित्रात घ्या. क्योटोच्याच एन्त्सू-जी मंदिरात कातरलेल्या कुंपणावरून दूरचा हिएई पर्वत दिसतो आणि मधलं सगळं झाकलं जातं. श्रीलंकेत वास्तुशिल्पी जेफ्री बावा यांनी १९४८ मध्ये लुनुगंगा ही जागा घेतली आणि पुढे घरासमोरच्या टेकडीचा माथा उतरवला, पलीकडचं तळं दिसावं म्हणून. त्या टेकडीवर झाडाखाली एक मोठा रांजण आहे. नजर तिथे थांबते आणि मग पाण्याकडे जाते. टेकडी उतरवणं कोणाला जमणार, पण दूरच्या दृश्याच्या वाटेत एक ठळक वस्तू ठेवणं जमतं. एकच. तीन ठेवल्या की एकीचाही उपयोग होत नाही.

सावलीचा नकाशा: एका कागदावर बाग काढा आणि ९, १२, ३ वाजता सावलीची कड आखा. उन्हाळा आणि थंडी, दोन्ही वेळा, कारण सूर्याची उंची बदलते. ६ तासांहून जास्त ऊन असलेली जागा पूर्ण उन्हाची, ३ ते ६ अर्धसावलीची. निचरा बघायला एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते मोजा. १ ते ३ इंच उत्तम. त्याहून कमी असेल तर वाफे ६-८ इंच उचलून घ्या. खड्ड्यात नुसती वाळू ओतून चिकण मातीचा निचरा सुधारत नाही, उलट ती आणखी घट्ट बसते. कंपोस्टच मिसळायचं.

---

नवी_मांडणी

खूपच उपयोगी. एकेका फोटोखाली वाक्य लिहायला सुरुवात केली आहे आणि "तिरका उजेड" हे शब्द बऱ्याच ठिकाणी येत आहेत.

माती_मुळं, दोन प्रश्न. इंग्लंडच्या बागरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांच्या लांब फुलवाफ्यासारखा रंग बदलत जाणारा वाफा मला एका बाजूला हवा आहे, पण जागा १२ × ४ फूटच आहे. आणि खडी पसरून पाणी कमी लागणारी बाग करावी का? खडीखाली तण रोखणारं कापड घालायचं की नाही, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

माती_मुळं

जेकिल यांचा मन्स्टेड वुड या त्यांच्या घरच्या बागेतला वाफा साधारण २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता, मागे उंच भिंत. टोकांना निळे-राखाडी शांत रंग, मध्याकडे पिवळा, केशरी आणि लाल. हा चढ-उतार कळायला चालत जायला अंतर लागतं. १२ फुटांत पाच रंग बसवले तर ठिपके दिसतील. तुम्ही त्या वाफ्याचा एक तुकडा घ्या: राखाडी पानं, त्यातून निळा, आणि एका टोकाला थोडा पिवळा. बास.

उंचीही कमी करावी लागेल. वाफ्याच्या रुंदीच्या निम्म्याहून फार उंच झाड नको, म्हणजे इथे दोन-अडीच फूट. मागची रांग त्याहून उंच घेतली तर पुढे कलते आणि पुढच्यांना झाकते. भिंतीलगत एक फूट मोकळा ठेवा, नाहीतर खुरपायला हात पोचत नाही. एका बाजूने हात दोन फूटच जातो.

रोपांची संख्या अशी काढा: वाफ्याचं क्षेत्र भागिले पूर्ण वाढलेल्या झाडाच्या पसाऱ्याचा वर्ग. भिंतीलगतचा फूट वजा केला तर लागवडीला १२ × ३ म्हणजे ३६ चौरस फूट. दीड फूट पसरणारी झाडं असतील तर ३६ भागिले २.२५ म्हणजे १६ रोपं. चार प्रकार घ्या, प्रत्येकाची एकगठ्ठा झुंबड लावा. सोळा प्रकारांचं एकेक रोप आणणं हीच नेहमी होणारी चूक. पहिल्या वर्षी मधली माती उघडी दिसेल, तिथे हंगामी फुलझाडं टाका.

खडीबद्दल: बेथ चॅटो यांनी इंग्लंडच्या कोरड्या पूर्व भागात, जुन्या वाहनतळाच्या जागेवर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला खडीची बाग केली. जम बसल्यावर तिला पाणी घालायचं नाही हा नियम पाळला. लोकांना वाटतं खडीने पाणी वाचलं. खडी त्यातला लहान भाग आहे. आधी दाबून घट्ट झालेली जमीन खोल फोडली, कंपोस्ट घातलं, कोरड्या जागी मुळात वाढणारी झाडं निवडली, लावताना भरपूर पाणी दिलं, आणि मग वरून खडी. खाली घट्ट मुरूम ठेवून वर खडी पसरली आणि हळवी झाडं लावली तर ती जळणारच. तुमच्याकडे उन्हाच्या निम्म्या भागात हे चालेल. सावलीच्या भागात नको, ओल राहून खडीवर शेवाळ धरतं.

वाफ्यात कापड नको. बी पडून आपोआप रोपं उगवणं हा अशा बागेचा प्राण आहे, तो बंद होतो. वरून कंपोस्टही मातीत पोचत नाही.

---

ओळंबा

वाफ्याबद्दल सहमत, वाटेबद्दल नाही. चालायच्या वाटेखाली कापड हवंच. नसेल तर खडी पावलांनी मातीत दबते आणि दोन पावसाळ्यांत चिखल वर येतो. वाट अशी करा: ६ इंच खोदाई, ४ इंच जाड मिश्र खडी दाबून, वर कापड, त्यावर दीड ते दोन इंच बारीक खडी. खडी टोकदार, अर्ध्या इंचाच्या आतली घ्या, ती एकमेकीत अडकून बसते. नदीतली गोल खडी पायाखाली सरकते आणि जास्त जाड टाकली तर चालताना पाय रुततो. कडेला विटा उभ्या लावा, नाहीतर खडी महिन्याभरात गवतात जाते.

घरालगत फरसबंदी करणार असाल तर घरापासून बाहेर दर ७ फुटांना १ इंच उतार आणि फरशीची वरची पातळी घराच्या जमिनीपेक्षा ६ इंच खाली. फोटोत आतली आणि बाहेरची फरशी एका पातळीत दिसते तिथे दारापाशी जाळीची पन्हळ लपवलेली असते. पन्हळ न घालता पातळी एक केली तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत.

---

माती_मुळं

वाटेपुरतं मान्य. पण झाडाखालून जाणाऱ्या वाटेवर पानगळ कुजून कापडावर मातीचा थर जमतो आणि तण वरूनच उगवतं. तिथे खडीऐवजी पावलांचे दगड टाका. दगड किमान १५ इंच रुंद, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत २४ ते २६ इंच. आधी नुसते ठेवून घरातल्या सर्वांना चालायला लावा, मग पुरा. गवतात असतील तर अर्धा इंच खाली बसवा म्हणजे गवत कापायचं यंत्र वरून जातं. जपानी बागांमध्ये दगड लहान आणि वाकडेतिकडे असतात ते पावलं मंद व्हावीत आणि नजर खाली राहावी म्हणून, आणि जिथे वर बघायचं असतं तिथे एक मोठा दगड येतो, उभं राहायला. तुमच्या आडव्या वाफ्याचं टोक ओलांडल्यावर असा एक मोठा दगड टाकून बघा.

---

नवी_मांडणी

एकच राहिलं. प्रत्यक्ष घर बघायला गेल्यावर काय टिपायचं? बऱ्याच ठिकाणी टेप काढू देत नाहीत, आतले फोटोही नाही.

---

रंधा

टेप लागत नाही. घरून निघण्याआधी स्वतःची वीत, पाऊल आणि उभं राहून वर केलेल्या हाताची उंची मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वीत साधारण ८-९ इंच भरते. जिन्यावर जाताना पायरीच्या उंचीला वीत लावायची, टेकायच्या भिंतीला कंबर, दाराला हात. चांगला वाटलेला जिना असेल तर उंचीची दुप्पट अधिक पायरीची खोली हा हिशेब करा. घरात २४-२५ इंचांच्या आसपास येईल, बागेत २५-२६. बागेतली पायरी साडेपाच-सहा इंच उंच आणि १४ इंच खोल असते, म्हणून तिथे पाय घाईत पडत नाही.

फोटो काढता येत नसेल तर रेखाटन करा, कितीही ओबडधोबड चालेल. दोन वस्तू जिथे मिळतात तिथलं काढा: भिंत आणि छत, लाकूड आणि गिलावा, वाट आणि वाफा. प्रवेशापासून प्रत्येक वळणावर थांबून एक ओळ लिहा, समोर काय दिसलं, उजेड कुठून आला, छत वर गेलं की खाली आलं. बसायची परवानगी असेल तिथे बसाच. घरं बसून वापरायची असतात आणि बहुतेक लोक ती उभ्याने बघून येतात. खिडकीचा खालचा काठ, बसल्यावर दिसणारी बाग, हाताशी येणारी फळी, हे सगळं तेव्हाच कळतं. आणि वेळ निवडता येत असेल तर दुपारी बारा टाळा. सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा, भिंतींवरचा तिरका उजेड तेव्हाच सापडेल.